दुखण्याच्या पट्टीची मागची बाजू

अर्धी वाटी तेल, कोमट.

कात्रीने पडलेला घट्टा.

"दोन," असं म्हणून एक माणूस चादर मुठीत घट्ट धरतो.

पाठीत उसवलेला नवाकोरा कोट.

तारेचं टोक आत वळवलेलं.

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत ना? मला जरा सरकू द्या, म्हणजे चिकटतील. सरकणं हेच तर माझं काम.

मी एक जुनी पट्टी आहे. प्लास्टिकची, वीतभर लांब. माझ्यावर शून्य ते दहा असे आकडे आहेत आणि आकड्यांवर चेहरे. शून्याचा हसतो, दहाचा रडतो. पाचाचा चेहरा सकाळी सकाळी दूध नासलेलं पाहिल्यासारखा आहे. माझ्या अंगावर एक लाल खूण पुढेमागे होते. ज्या वॉर्डात हृदयाचं ऑपरेशन झालेली माणसं असतात, तिथल्या सिस्टरच्या खिशात माझा मुक्काम. सिस्टर मला पुढे करून विचारायच्या, "किती दुखतंय?" माणूस खूण सरकवायचा. आकडा कागदावर जायचा.

जिचा जन्मच प्रश्न विचारण्यासाठी झाला, तिला कुतूहल असणारच. एक आजी आठ सांगून निवांत वेणी घालत बसायच्या. एक आडदांड ड्रायव्हर तीनवर हुंदके द्यायचा. खरा आकडा कुठला, याचा मी खिशातल्या अंधारात पुष्कळ विचार करायचे.

पण सगळ्यात मोठं कोडं माझ्याच पाठीचं होतं. पाठीवरही तेच आकडे होते. चेहरे मात्र नव्हते. एका टोकाला लिहिलं होतं 'निवांत', दुसऱ्या टोकाला 'फार भीती'. सिस्टरच्या कागदावर भीतीला रकाना नव्हता. रकाना नाही, म्हणून कुणी विचारत नव्हतं. खिशाला घासून माझी पाठ गुळगुळीत झाली. हे छापलंय तरी कशाला, असं मला राहून राहून वाटायचं.

रोज दुपारी चार वाजता मालीशताई यायच्या. छातीला हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम, कारण छातीचं मधलं हाड कापून पुन्हा जोडलेलं असतं. हृदयाला जोडायला पायातली शीर काढली असेल, तर त्या पायालाही नाही. राहिलेला पाय, हात, मान आणि खांदे. एवढ्या भांडवलावर त्या वीस मिनिटांत माणसाच्या कपाळावरची आठी घालवायच्या. मालीशच्या आधी आणि नंतर मला विचारलं जायचं. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

एकदा एक शिंपी आले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ऑपरेशनला तीन दिवस झाले तरी मास्तर खोकत नव्हते, खोल श्वासही घेत नव्हते. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते, "कफ साठतोय. उद्यापर्यंत खोकून काढला नाहीत, तर फुप्फुसात बिघाड होईल आणि पुन्हा आयसीयू."

"किती दुखतंय, काका?" सिस्टरने विचारलं.

"दोन."

"दोनच? मग ही उशी छातीशी धरा आणि खोका बघू."

"खोकला येतच नाही."

"येत नाही म्हणे," शेजारी स्टुलावर बसलेल्या काकू, मास्तरांच्या पत्नी, म्हणाल्या. "घशात गिरणी चालू आहे. अहो, गिऱ्हाइकाला 'उद्या देतो' म्हणता ना, त्याच आवाजात बोलताय."

मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. माझी लाल खूण दोनवर होती, पण मास्तरांनी चादर मुठीत घट्ट धरली होती.

चारला मालीशताई आल्या. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवली. आधी डावा पाय, टाचेपासून बोटांपर्यंत, अंगठा सगळ्यात शेवटी. मग उजवा हात. अंगठ्याच्या मुळाशी त्यांचं बोट अडखळलं.

"हा घट्टा कात्रीचा?"

"पन्नास वर्षांचा आहे."

"मग त्याला जरा वेळ देऊ."

हळूहळू मास्तरांची मूठ सुटली. चादरीवर तिच्या सुरकुत्या तेवढ्या राहिल्या. मालीशताईंनी मला उशाजवळून उचललं आणि तेलकट हातातून मी निसटले. पडले ती चेहऱ्यांवर. पाठ वर.

"अरेच्चा, हिला ही पण बाजू आहे," त्या म्हणाल्या. "मास्तर, दुखणं राहू द्या. भीती किती?"

मास्तरांनी काकूंकडे पाहिलं. काकू उठल्या. "मी ही वाटी धुऊन आणते," म्हणाल्या. वाटीत तेल तसंच होतं.

पडदा हलायचा थांबला, तेव्हा मास्तरांनी खूण सरकवली. दहा.

"कसली?"

"ताजी शिवण ताणायची नसते, ताई. एका नवऱ्या मुलाचा कोट घाईत शिवून दिला होता. पहिल्याच वाकण्यात पाठीत उसवला. कापड होतं म्हणून निभावलं. इथं मी खोकलो आणि..."

मालीशताई हसल्या नाहीत. त्यांनी सिस्टरला बोलावलं. मास्तरांनी विचारलं, "दोरा कसला घातलाय?"

"दोरा नाही, काका. पोलादी तारा आहेत. तुम्हाला सहा."

"गाठ?"

"पीळ देतात आणि टोक आत वळवतात."

मास्तरांनी डोळे मिटले. हवेत दोन बोटांनी पीळ दिला, टोक आत वळवलं.

"मग कारागीर बरा आहे," ते म्हणाले. "द्या ती उशी."

पहिल्या खोकल्याला डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याला काही झालं नाही. तिसऱ्याला कफ सुटला.

"झालं का?" पडद्यामागून आवाज आला. "की वाटी आणखी घासू?"

सिस्टरने मला सुलटं केलं. "आता किती दुखतंय?"

"सात."

पेन थांबलं. "आधी दोन होतं. मालीशने वाढलं?"

"वाढलं नाही," मालीशताई म्हणाल्या. "आत्ता सांगितलं."

तीन दिवसांत पहिल्यांदा मास्तरांना सातला लागतं तेवढं औषध मिळालं.

"आणि भीती?"

"चार," मास्तर म्हणाले. पडद्याकडे बघून आवाज उतरवला. "त्यातली दोन कायमची आहे."

त्या दिवशी सिस्टरने कागदाच्या कडेला पेनने एक रकाना आखला. तेव्हापासून मला दोन्ही बाजूंनी विचारलं जाऊ लागलं. मास्तर सातव्या दिवशी घरी गेले. जाताना सिस्टरच्या खिशाची उसवलेली कड पाहून "हे कुणी शिवलंय?" असं विचारून गेले.

आता वॉर्डात स्क्रीनवर बोट लावायची नवी यंत्रं आहेत. मला मधोमध चीर गेली आहे. चिकटपट्टी लावून मला खणात ठेवलंय, तेलाच्या बाटलीशेजारी. माझी काही तक्रार नाही. मला जपा, असंही मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी 'दोन' म्हणालं, तर त्याच्या मुठीकडे बघा. तो हात हातात घ्या, जरा वेळ धरा. मग उलटून विचारा.

कारखान्यात माझी पाठ आधी छापली होती, चेहरे नंतर.