सौंसरला चाललेला शंख

"चालून राह्यला! शंख चालून राह्यला!"

शेजारचे नत्थूजी ओरडले आणि सौंसरच्या आमच्या आळीतल्या देवळातली दोन-अडीचशे माणसं एकदम उभी राहिली. परातीत ओली वाळू, वाळूत संत्र्याएवढा शंख, त्यावर जरीचं इवलंसं उपरणं. कुणी हात न लावता शंख सरकत होता. सरकत सरकत तो माझ्या मुलीच्या, सुनंदाच्या तळहाताशी थांबला.

"श्रोते सज्जनहो," मुकुंदबुवा कडाडले, "हा क्षीरसागराच्या तळाचा! श्रीहरीच्या करकमळातून निसटला तो थेट माझ्या झोळीत! ज्याच्याकडे जातो त्याचा रोग पितो. मग औषध म्हणजे काय? अविश्वास!"

क्षीरसागराहून सौंसरला कोणती गाडी येते, हे कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा असतो. वयानं लहान असला तरी आम्ही त्याला बुक्का लावतो, पाया पडतो. गादीवरच्या माणसाला प्रश्न विचारायचा नसतो. त्यात मी कीर्तनवेडा. बुवांनी पूर्वरंगात नुसता अभंग धरला तरी माझे डोळे भरायचे. म्हणून तर मी त्यांना माझ्याच घरी उतरवलं होतं. त्यांच्या दुधात साय जास्त पडावी म्हणून मी स्वतः चुलीजवळ उभा राहायचो.

दुसऱ्या दिवसापासून सुनंदाची टीबीची इंजेक्शनं बंद झाली. बंद मीच केली.

अकराव्या दिवशी तिच्या शाळेतल्या विजया मॅडम तिला पाहायला आल्या. त्यांचं माहेर मालवणचं. त्यांनी सुनंदाच्या कपाळाला हात लावला आणि इंजेक्शनाचं विचारलं. मी शंखाची हकीकत सांगितली. त्या तडक उठल्या. देवघरात जाऊन तिथे ठेवलेल्या शंखाच्या परातीवर वाकल्या.

"वाळूला खाऱ्या पाण्याचा वास येतोय. बुवा प्रसाद काय देतात?"

"सगळ्यांना साखरफुटाणे. सुनंदाला खोबरं. हातावर चोळून खायला सांगतात."

"उपरणं उचला."

"सोवळ्यातलं आहे मॅडम. बुवांची आज्ञा..."

"मी नाही उचलणार. तुम्हीच उचला, गजाननराव. मुलगी तुमची आहे."

बुवा नदीवर आंघोळीला गेले होते. आतल्या खोलीत सुनंदा खोकत होती, थांबत नव्हती. मी उपरणं उचललं. शंखाच्या तोंडाशी पाय हलले. दांड्यांवरचे दोन डोळे माझ्याकडे बघत होते.

त्या संध्याकाळी पूर्वरंग संपला. यजमानानं बुवांना हार घालायची वेळ झाली. मी हार घेऊन उठलो, पण बुवांकडे गेलो नाही. हार खाली ठेवला, परातीवरचं उपरणं काढलं आणि मॅडमनी दिलेला, त्यांच्या माहेरून आणलेला थोडा मोठा, रिकामा शंख वाळूत ठेवला.

"गजाननराव! पाप लागेल!"

"थांबा ना जी बुवा," नत्थूजी म्हणाले, "पाहू तर द्या!"

आधी शंखातला जीव आत दडून बसला. मग पाय बाहेर आले. नवा शंख त्यानं चाचपला, फिरवला, आत डोकावून पाहिला. आणि एका झटक्यात मऊ, वळलेलं पोट बाहेर काढून तो नव्या घरात शिरला. क्षीरसागराचा शंख वाळूत आडवा पडला होता. रिकामा.

"अरे, हा तं किरायेदार निघाला!" नत्थूजी म्हणाले. कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही.

"हा किनाऱ्यावरचा खेकडा," मॅडम सांगू लागल्या. "याचं पोट मऊ असतं, म्हणून हा मेलेल्या गोगलगायीच्या शंखात राहतो. वाढला की मोठा शंख शोधतो. याला जुना शंख कधीच लहान झाला होता. खोबऱ्याच्या वासाला तो धावतो, म्हणून सुनंदाच्या हाताकडे गेला. उपरण्याखाली पाय दिसत नव्हते, एवढाच चमत्कार."

"म्हंजे हाबी लबाडच की व मॅडम?" नत्थूजींनी विचारलं.

"नाही हो. रिकामं घर वापरतो, कुणाचं नुकसान करत नाही. पण समुद्रात दुसराही एक जीव आहे. तो जिवंत खेकड्याच्या अंगात शिरतो, आत मुळांसारखा पसरतो, त्याचं रक्त शोषतो. आणि तो खेकडा त्या जिवाचीच अंडी आपली समजून सांभाळत बसतो."

मला दुधावरची साय आठवली.

बुवा चिपळ्या गुंडाळत होते. मी त्यांना एकच विचारलं, "तिचा खोकला तुम्हाला ऐकू येत होता ना, बुवा? मधे एकच भिंत होती."

ज्या गळ्यानं मला रडवलं होतं, त्यात झोळी अडकवून बुवा देवळाबाहेर पडले.

डॉक्टर म्हणाले, सगळे उपचार पहिल्यापासून. सुनंदानं दंड पुढे केला. माझ्याकडे मात्र बरेच दिवस पाहिलं नाही.

कीर्तन मी सोडलेलं नाही. तुम्हीही सोडू नका. अभंग खरेच आहेत, गाणारा खरा असेलच असं नाही. गादीवरून कुणी म्हणालं, औषध बंद करा, तर हात जोडून बसू नका. उठा, आणि उपरणं उचला.