काटा खरा होता

भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या मंगल कार्यालयात त्या रविवारी सकाळी सहा वाजता तीनेकशे माणसं उपाशीपोटी रांगेत उभी होती आणि सगळी खुशीत होती. स्टेजवर वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा, त्याला झेंडूची माळ. काट्यामागे पांढऱ्या कुर्त्यात चंद्रप्रकाशजी. एकेक जण काट्यावर चढायचा, मागच्या रविवारचा आकडा माईकवर वाचला जायचा, मग आजचा. गंधाली सावंत, चार किलो दोनशे ग्रॅम कमी. शंख वाजला. तिच्यामागे एक पोलीस हवालदार, पाच किलो शंभर. पुन्हा शंख. बायका एकमेकींच्या कमरेला हात लावून खात्री करून घेत होत्या.

मधूनमधून चंद्रप्रकाशजींचं ज्ञानदान चालू होतं. भात म्हणजे सफेद जहर. तुमच्या पेशीपेशीत चरबीची तिजोरी आहे आणि भात हे तिचं कुलूप. ते कुलूप काढलं की चरबी आपोआप वितळून धूर होऊन जाते. डॉक्टर लोक म्हणतात महिन्याला दोन किलो उतरवा, कारण त्यांना तुम्ही बारा महिने पेशंट म्हणून हवे आहात. धूर नेमका कुठून निघतो हे कुणी विचारलं नाही. हा माणूस चार वर्षांपूर्वी पाणी शुद्ध करायची मशीनं दारोदार विकत होता, हे पहिल्या रांगेतल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. तरी तेच सगळ्यात जोरात टाळ्या पिटत होते.

मी सुबोध परब. वजनकाटे दुरुस्त करणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांचे काटे माझ्या हाताखालून गेले आहेत, त्यामुळे माणसांवर माझा विश्वास जरा कमीच. सात दिवसांत चार किलो ऐकल्यावर माझं निदान तिथेच झालं. काटा मारलाय, दुसरं काय असणार.

मी मागच्या बघ्यांमधून उभा राहिलो आणि तसं म्हणालो. रांगेतली माणसं माझ्याकडे वळली. चंद्रप्रकाश मात्र हसला. "दादा, या ना वर. सत्याला तपासणीची भीती नसते." मला तेच हवं होतं. दुकान पलीकडच्या गल्लीत. मी रिक्षात घालून वीस-वीस किलोची चार प्रमाणित वजनं आणली, सगळ्यांसमोर एकेक काट्यावर ठेवलं. वीस. चाळीस. साठ. ऐंशी. एका ग्रॅमचा फरक नाही. पुन्हा उलट्या क्रमाने काढली, तरी नाही. त्याने माईक माझ्या तोंडासमोर धरला. खोटं बोलायची सवय नाही, म्हणून मी म्हणालो, "काटा बरोबर आहे."

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. त्याने माझ्या खांद्यावर शाल टाकली, फोटो काढून घेतला आणि पुढच्या तुकडीची नावनोंदणी तिथल्या तिथे जाहीर केली. आधी तीनशे होते, आता सहाशे झाले. त्यात पहिल्या दहांत माझी मोठी बहीण होती.

राधाताई टेकडीवर राहते. घरापर्यंत एकशे बत्तीस पायऱ्या. वजन चौऱ्याऐंशी किलो आणि दोन्ही गुडघे गेलेले. नवरा वारल्यापासून ती आणि मुलगा सौरभ, दोघंच. सौरभ गोरेगावच्या स्टुडिओत लाइट्सचं काम करतो, त्याच्या शिफ्टचा काही नेम नाही. ताईला दुसऱ्या कुणाचा हात न धरता बाजारात जाऊन स्वतः मासळी निवडून आणायची होती. एवढंच तिचं मागणं. तिला अकरा वर्षं मधुमेह, रोज सकाळी पालिकेच्या दवाखान्यातली गोळी. मी तिला म्हटलंसुद्धा, काटा तपासलाय गं, माणूस नाही तपासला. ती म्हणाली, "तू तपासलंस ना? मग झालं." मी दुकान उघडायला निघून गेलो.

त्या संध्याकाळी पाच वाजता शिबिराचा आरंभ झाला तो जेवणाने. शेवटचा भात, असं त्याचं नाव. सुरमईची आमटी, भात, सोलकढी, वर खीर. पोटभर वाढा, आता सात दिवस दर्शन नाही. जेवणावर मीठ घातलेलं संकल्पजल, प्रत्येकी दोन तांबे, सगळं प्यायलंच पाहिजे. आणि मग, तुडुंब पोटाने, अंगावरच्या सगळ्या कपड्यांसकट, पहिलं वजन.

त्यानंतर जे झालं त्यावरून कळतं की हा भामटा किती अभ्यासू होता. टेकडीवर निम्मी वस्ती आमची, कोकणातली. आजे-पणजे गिरणीत आले तेव्हा गाव मागे राहिला, पण गाऱ्हाणं मागे राहिलं नाही. काम कसलंही असो, आधी देवापुढे गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. याने ते उचललं. प्रत्येकाच्या मुठीत तांदूळ दिले, कलशातल्या पाण्यात सोडायला लावले आणि माईकवर सुरू झाला, "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी भात सोडलो, पोळी सोडली, फळां सोडली, साखर सोडली. जो कोण सात दिवसांत तोंड लावीत, त्येचो भार त्येच्या पोराबाळांच्या डोक्यावर." सहाशे गळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." आहार आता आहार राहिला नव्हता, शपथ झाला होता. आणि आमच्या लोकांना आहार मोडता येतो, पोटच्या पोराच्या डोक्यावरची शपथ मोडता येत नाही.

आणखी एक गोष्ट त्याने आधीच सांगून ठेवली. चौथ्या दिवशी काही जणांना घाम फुटेल, हात कापतील, ते असंबद्ध बोलतील. घाबरायचं नाही, जुनं विष बाहेर पडतंय. त्या वेळी साखर दिलीत तर विष परत आत जाईल. गोळ्यांबद्दल कुणीतरी विचारलं तेव्हा तो म्हणाला की मी डॉक्टरांच्या विरोधात नाही, आपापल्या गोळ्या चालू ठेवा. किती समंजस माणूस, असं लोक म्हणाले.

गुरुवारी, म्हणजे चौथ्या दिवशी, सकाळी साडेदहाला सौरभचा फोन आला. तो नुकताच शिफ्टवरून घरी पोचला होता. ताई ओट्याला टेकून बसलेली, साडी घामाने भिजलेली, हात थरथरत होते, मधेच ती त्याला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारत होती. शेजारच्या चौघी तिला वारा घालत होत्या. त्याही शिबिरातल्याच. सकाळी आठपासून त्या तिच्याजवळ बसून होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, थोडा हेवा होता. राधाचं विष सगळ्यात आधी निघतंय. सौरभने साखरेचं पाणी केलं तर एकीने त्याचा हात धरला. त्याने तो झटकला आणि वाटी ताईच्या ओठांना लावली. तिने दात घट्ट मिटले, मान फिरवली.

"माका नको रे. तुझी शपथ घेतलंय."

हे तिचं त्या दिवसाचं शेवटचं धड वाक्य. मी पोचलो तेव्हा ती बेशुद्ध होती. प्लास्टिकच्या खुर्चीत बांधून आम्ही दोघांनी तिला एकशे बत्तीस पायऱ्या उतरवल्या.

रुग्णालयात डॉक्टर संघमित्रा होती. आमच्याच टेकडीवरच्या भाऊराव कांबळ्यांची मुलगी, म्हणून तिला अजून सगळे संघूच म्हणतात. तिने बोटातून रक्त काढून साखर तपासली, लगेच सलाइन लावलं, शिरेतून ग्लुकोज दिलं. मग आम्हाला बाहेर घेऊन आली आणि ताईची औषधाची चिठ्ठी मागितली.

ही गोळी काय करते, तिने मला विचारलं. मला ठाऊक नव्हतं. ही गोळी साखर खाली ढकलते, ती म्हणाली. माणूस जेवेल हे धरूनच ती दिलेली असते. तुम्ही भात, पोळी, फळं, सगळं एका दिवसात तोडलंत आणि गोळी तेवढीच ठेवलीत. खाली ढकलणारी आहे, वर आणणारं काहीच नाही. घाम, थरथर, बडबड ही साखर पडल्याची लक्षणं आहेत. हे डॉक्टरकीच्या पहिल्या काही वर्षांतच शिकवतात.

"आठ वाजता दोन चमचे साखर पोटात गेली असती ना काका, तर ती आत्ता घरी भांडी घासत असती."

मी विचारलं की मग ते चार-चार किलो जातात ते कसे. काटा मी स्वतः तपासलाय. संघमित्राने तेही समजावून सांगितलं.

रविवारी सकाळी समारोपाचं वजन होतं. मी पुन्हा स्टेजवर चढलो, या वेळी संघमित्राला घेऊन. चंद्रप्रकाशला वाटलं शाल घ्यायला आलोय. मी काट्यावर उभा राहिलो. एकाहत्तर किलो दोनशे. मग दीड लिटरची पाण्याची बाटली तिथेच उभ्याउभ्या संपवली आणि पुन्हा उभा राहिलो. बहात्तर सातशे. आकडा मीच माईकवर वाचला. दोन मिनिटांत दीड किलो चरबी चढली, आता कुणीतरी शंख वाजवा, असं म्हणालो.

काही जण हसले. मग मी विचारलं की पहिलं वजन कधी झालं होतं. संध्याकाळी. कशावर? आमटीभातावर आणि दोन तांबे मिठाच्या पाण्यावर. आणि आज? पहाटे, उपाशी, काल रात्री यांनीच वाटलेल्या जुलाबाच्या चूर्णानंतर. दीड-दोन किलो तर तुम्ही ताटातून काट्यावर आणले होते आणि आज सकाळी संडासात सोडून आलात.

उरलेलं संघमित्राने सांगितलं. भात-पोळीतून मिळणाऱ्या साखरेचा थोडा साठा शरीर यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि त्या साठ्याला तिप्पट पाणी धरून ठेवतं. भात बंद केला की पहिल्या तीन-चार दिवसांत साठा संपतो आणि पाणी वाहून जातं. ओला टॉवेल वाळत घातला की हलका होतो, म्हणून तो बारीक झाला असं कुणी म्हणत नाही. परत भात खाल्लात की दोन दिवसांत पाणी परत. चरबी गेली असेल ती अर्धा किलो, फार तर किलो.

"भात कमी करणं हे पाप नाही," ती म्हणाली. "काहींना त्याने फायदाही होतो, पण डॉक्टरांना सांगून, गोळ्या बदलून. नाहीतर अर्धी वाटी भात, आमटी, भाजी, मासा आणि रोज अर्धा तास चालणं. वर्षाच्या शेवटी दोन्ही वाटांची माणसं बहुतेक एकाच ठिकाणी पोचतात. ज्याला जे झेपतं आणि टिकतं, ते त्याचं. सात दिवसांत मात्र कुणीच कुठे पोचत नाही."

चंद्रप्रकाश तरबेज होता. घामाचा थेंब नाही. त्याने हात जोडून लोकांना विचारलं की मागच्या रविवारी याच दादांनी काटा खरा आहे असं सांगितलं होतं की नाही. आज काय, काटा खोटा झाला?

"काटा खराच आहे," मी म्हणालो. "काटा वजन सांगतो, कशाचं ते सांगत नाही. ते विचारायचं काम माझं होतं आणि ते मी केलं नाही. माझी बहीण तीन दिवस रुग्णालयात पडली आहे."

कुणी खुर्च्या फेकल्या, कुणी पोलीस बोलावले, असं सांगायला मला आवडलं असतं. शंभरेक माणसं उठून गेली. बाकीची चुळबुळत बसून राहिली. मग गंधाली सावंत उठली. आठवडाभरात तिचे तीन किलो परत आले होते, म्हणून ती पुढच्या तुकडीसाठी दुसऱ्यांदा पैसे भरून बसली होती. मला वाटलं ती चंद्रप्रकाशला जाब विचारणार. तिने मला विचारलं, "तुमचं झालं असेल तर काटा मोकळा करता का?"

पोलिसांत तक्रार दिली आहे, तारखा पडत आहेत. चंद्रप्रकाशने भांडुप सोडलं. दहिसरला नाक्याजवळ त्याचा नवा फलक लागलाय, त्यावर शाल पांघरलेला मी आहे. खाली लिहिलंय, परवानाधारक तज्ज्ञाने प्रमाणित केलेला काटा. त्यात एक अक्षर खोटं नाही, म्हणून वकील डोकं खाजवतो.

ताई वाचली. पण बोलताना शब्द सापडायला तिला वेळ लागतो, आणि पायऱ्या उतरायच्या तर आता दोघं लागतात. संघमित्राने गोळी बदलली, ताटही ठरवून दिलं. सहा महिन्यांत पाच किलो वजन उतरलं, शंखाशिवाय. सगळं तिला समजावून झालंय, तिला पटतंही. मात्र भाताचा पहिला घास ती सौरभच्या डोक्यावर हात ठेवल्याशिवाय घेत नाही. त्याची शिफ्ट लांबली तर ताट झाकून त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसते. अशा दिवशी आम्ही कुणीतरी धावत टेकडी चढतो आणि फोनवर सौरभला तिच्याशी बोलायला लावतो. तो सेटवरून, लाइट हातात धरून, चार माणसांत म्हणतो, "आये, मी शपथ सोडवली, तू जेव."

पाणी कसं गेलं हे वीस मिनिटांत समजावता येतं. ही भीती कशी घालवायची ते मला आणि संघमित्राला अजून जमलेलं नाही. म्हणून सांगतो, सात दिवसांचा चमत्कार दाखवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. कशाचं वजन केलं, कधी केलं, आणि दोन महिन्यांनी ती माणसं कुठे आहेत. औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताटातलं काही तोडू नका. आणि कुणी तुमच्या जेवणावर तुमच्या मुलांची शपथ घालायला लागला, तर चप्पल घालून सरळ घरी या आणि जेवून घ्या.