भांडवली गुडघा

अलेक्झांड्रियाच्या त्या बिस्किट कारखान्यात सर्वांत फायद्याचं यंत्र कोणतं, असं कुणी विचारलं असतं, तर साऱ्या संचालकांनी एका सुरात पहिल्या नंबरच्या भट्टीकडे बोट दाखवलं असतं. भट्टी चव्वेचाळीस वर्षांची होती. हिशेबाच्या पुस्तकात तिची किंमत झिजत झिजत एका पौंडावर आली होती. एका पौंडाची वस्तू वर्षाला कोट्यवधींची बिस्किटं भाजते म्हटल्यावर नफ्याचा टक्का लिहायला कागदाची रुंदी पुरत नसे. तो टक्का बघून संचालक इतके खूश असत की भट्टी मुळात चालते कशी, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

ती चालत होती जुना कारागीर उस्ता दसूकीमुळे. वय चौसष्ट. भट्टीचा कुठलाच भाग आता जगात कुठे मिळत नव्हता, म्हणून तो स्वतःच घडवून बसवायचा. दिवसातून वीस वेळा लोखंडी जिना चढून त्याचा उजवा गुडघा कामातून गेला होता. त्याला आता एकच गोष्ट हवी होती, रशीद या आपल्या गावी घरी जायचं. बायको अत्तियात चार वर्षांपूर्वीच तिथे नदीकाठच्या घरी जाऊन राहिली होती आणि दर शुक्रवारी फोनवर एकच प्रश्न विचारायची, "हाजी, कधी?" पण कारखान्याची अट होती. भट्टी सांभाळणारा दुसरा कुणी तयार झाला, नाहीतर नवी भट्टी आली, तरच उस्ताला निवृत्तीचे पैसे आणि निरोप. दुसरा कुणी तयार होणं शक्य नव्हतं. म्हणून दसूकी दर जानेवारीत गुंतवणूक समितीकडे नव्या भट्टीचा अर्ज करायचा, आणि दर जानेवारीत तो नाकारला जायचा.

"उस्ता, नवी भट्टी पाच कोटींची," अर्थखात्याचे प्रमुख डॉक्टर हाझेम समजावत. "बसवायला पाच आठवडे काम बंद, ते नुकसान वेगळं. पैसे परत यायला आठ वर्षं. आपला नियम तीनचा आहे."

"आणि जुनी बंद पडली तर, दकतोर?"

"गेल्या दहा वर्षांत किती दिवस बंद पडली?"

"एकही नाही."

"मग झालं तर!"

दसूकीनं कपाळावर हात मारला. डोळ्यांत तेल घालून सांभाळली, हाच त्याचा गुन्हा. त्याच बैठकीत अध्यक्ष मदकूर बेंच्या दालनाबाहेर संगमरवरी कारंजं मंजूर झालं. कारंज्याचे पैसे किती वर्षांत परत येणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. त्याच्या रकान्यात 'धोरणात्मक' असा शब्द होता, आणि या शब्दापुढे सगळे आकडे मुकाट्याने बाजूला होतात.

समितीचे अर्ज टंकायच्या मादाम इन्साफ. वीस वर्षं हिशेबखात्यात काढून त्यांची जीभ चांगलीच धारदार झाली होती.

"उस्ता, तुम्ही भोळेच," त्या म्हणाल्या. "भट्टीच्या खर्चात स्वतःला कुठे धरताय? लिहा, भट्टी एका माणसावर चालते, माणूस एका गुडघ्यावर चालतो, आणि गुडघा गेलाय. जोडा क्ष-किरणाचं चित्र. मग बघू कसे घेत नाहीत नवी भट्टी."

दसूकीनं तसंच लिहिलं. या वेळी समितीनं अर्ज खरंच वाचला. हाझेमनी आकडेमोड केली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"गुडघा बदलायला किती लागतात?"

"दोन लाख चाळीस हजार," दसूकी बुचकळ्यात पडून म्हणाला.

"मदकूर बे, परतफेड एकोणीस दिवसांत!"

मदकूर बेंनी टेबलावर थाप मारली. "अरे भल्या माणसा, हे आधी नाही का सांगायचं?"

चार मिनिटांत गुडघा मंजूर झाला. त्याला क्रमांकही मिळाला. मालमत्ता क्रमांक ७७१, गुडघा, उजवा, नग एक, आयुष्य दहा वर्षं. मालमत्तेचं आयुष्य संपेपर्यंत उस्तानं नोकरी सोडायची नाही, असा करार झाला.

"दहा वर्षं?" अत्तियात फोनवर ओरडली. "गुडघा तुझ्या पायात बसवतायत, की तुला त्या गुडघ्याला बांधतायत?"

 पण दसूकीचा गुडघा रात्रंदिवस ठणकत होता आणि स्वतःच्या खिशातून बदलायची ऐपत नव्हती. त्यानं सही केली. सही करताना त्याला स्वतःची लाज वाटली.

इकडे इन्साफ अर्ज भरत होत्या. "दकतोर, 'बसवताना काम किती दिवस बंद' हा रकाना?"

"शून्य लिहा. भट्टीला आपण कुठे हात लावतोय?"

"शून्य?"

"शून्य, मादाम. हिशेब आम्हाला शिकवू नका."

इन्साफनी शून्य लिहिलं, छान गोल काढलं, आणि त्याच्या शेजारीच हाझेमची सही घेतली.

शस्त्रक्रिया रमजानच्या पहिल्या आठवड्यात झाली. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी बारा आठवडे घरी बसायला सांगितलं. ईदच्या कहकसाठी कारखाना तीन पाळ्यांत चालू होता. सारं गाव ईदला हीच साखर भुरभुरवलेली बिस्किटं खातं, वर्षाची निम्मी कमाई ईदआधीच्या दोन आठवड्यांची. नवव्या दिवशी भट्टी थांबली.

"उस्ता, काय करू?" पाळीप्रमुख फोनवर रडकुंडीला आला होता.

"डावीकडची झडप हातानं थोपट."

"किती जोरात?"

"ते हाताला कळतं रे."

"माझ्या हाताला नाही कळत!"

दोन दिवसांत मळलेलं सगळं पीठ आंबलं. दुकानदारांनी दुसऱ्या कारखान्याची वाट धरली. मग मदकूर बेंनी फोन उचलला आणि तुर्कस्तानातल्या इझमिरमध्ये कुणा भलत्याच गिऱ्हाइकासाठी तयार पडलेली भट्टी दीडपट पैसे मोजून उचलली. ना अर्ज, ना समिती, ना तीन वर्षांचा नियम. बाहेर कारंजं मात्र मजेत उडत होतं.

तीन महिन्यांनी दसूकी परतला तेव्हा त्याच्या भट्टीच्या जागी चकचकीत पोलादी पेटी होती आणि तिच्यापुढे चार तरुण इंजिनिअर बटणं दाबत होते. जुनी भट्टी भंगारात गेली होती. त्याचे डोळे भरून आले. वरून लगेच बोलावणं आलं.

"मालमत्ता ७७१ ही पहिल्या नंबरच्या भट्टीसाठी घेतली होती," हाझेम कागदावरून नजर न उचलता वाचत होते. "भट्टी गेली, त्यामुळे ७७१ निकामी. दहा वर्षांचा करार रद्द. उस्ता, गुरुवार तुमचा शेवटचा दिवस. पैसे खाली मिळतील."

हेच तर हवं होतं त्याला! सहा वर्षं नाक घासून मिळालं नव्हतं ते अडीच मिनिटांत मिळालं. आणि तरी त्याचं रक्त उकळत होतं. भट्टीला निरोप देताना कुणी हळहळलं नव्हतं, पण निदान तिला त्यांनी निकामी म्हटलं ते ती बंद पडल्यावर. पाय दुखतो का, एवढंसुद्धा त्याला कुणी विचारलं नाही.

खाली इन्साफनी पैशांचा लखोटा त्याच्या हातात दिला, मग एक तक्ता पुढे ओढला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"माफ करा उस्ता, हे भरल्याशिवाय मालमत्ता पुस्तकातून निघत नाही. काय झालं लिहू ७७१ चं? विकली, मोडीत काढली, की दान केली?"

दसूकी उठला. कशाचाही आधार न घेता दाराशी गेला.

"लिहा मादाम, आपल्या पायांनी चालत निघून गेली."

इन्साफनी तसंच लिहिलं, आणि शेजारी हाझेमच्या सहीसाठी जागा सोडली.