दुसऱ्या गिअरचा अर्धा आटा

आरिफने शब्द दिला तेव्हा त्याच्या तोंडात अर्धी भाकरी होती, त्यामुळे तो शब्द खरा धरायचा की नाही यावर माझा आणि जाहिदाचा पुढे दोन दिवस वाद चालला. आरिफ म्हणजे जाहिदाचा मोठा भाऊ. त्याला पुण्याला प्रवेश मिळाला होता, रविवारी अकराच्या एसटीने तो निघणार होता आणि गेमचा डबा बॅगेत भरून नेणार होता. ज्या डब्यावर मी आणि जाहिदा सातवीपासून रोज संध्याकाळी गाड्या पळवतो, तोच डबा.

"कड्याची शर्यत तुम्ही दोघींनी मी निघायच्या आत काढली, तर डबा इथंच राहील," तो म्हणाला आणि उरलेला घास गिळला.

त्याला एवढं बिनधास्त बोलता आलं, कारण ती शर्यत त्यालाच निघाली नव्हती. गेममध्ये अठ्ठेचाळीस शर्यती आहेत. सत्तेचाळीस झाल्या होत्या. शेवटची डोंगराच्या कड्यावरून खाली उतरायची आहे, एकवीस वळणं, रस्ता ओला. तीन मिनिटं पाच सेकंदांच्या आत खाली पोचायचं. आरिफचं तीन मिनिटं नऊच्या खाली कधी आलं नव्हतं. बरं, तिथं हवी ती गाडी चालत नाही. प्रत्येक गाडीला गुण असतात, जेवढा दम तेवढे गुण, वरून टायर-ब्रेक घातले की आणखी, आणि या शर्यतीला चारशेच्या वर गुण असलेली गाडी दारातच अडवतात.

"लाल घ्या," आरिफ म्हणाला. "लालशिवाय जमणार नाही."

लाल गाडी एकटी तीनशे नव्वद गुणांची. इंजिन जबरदस्त, पण मग टायरला काय उरलं, दहा गुण. ओल्या रस्त्यावर ती अशी घसरायची जशी साबणाच्या पाण्यात पडलेली चप्पल. आम्ही बुधवारी एकाच संध्याकाळी अकरा गाड्या बघितल्या. पिवळीचं बूड वळणावर पुढे यायचं. निळी थांबायचीच नाही. शेवटी अगदी खाली एक पांढरी खोक्यासारखी गाडी होती, जी आम्ही तोपर्यंत कधी उघडूनसुद्धा बघितली नव्हती. दोनशे साठ गुण.

"ही तर दूधवाल्याची वाटते," जाहिदा म्हणाली.

"पण खर्चायला एकशे चाळीस उरतात की," मी म्हणाले. "उतारावर इंजिन कशाला लागतंय? उतार स्वतःच ढकलतोय. आपल्याला धरून ठेवणारी गाडी पाहिजे."

हे मी इतक्या ठामपणे म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. तोपर्यंत माझं काम म्हणजे शेजारी बसून "पुढं डावं, मग उजवं, मग लई मोठं डावं" असं वाचून दाखवायचं. चालवायची जाहिदा. मी चालवायला बसले की हात घामाने ओले व्हायचे आणि मी कंट्रोलर परत द्यायचे. पण गाडी निवडणं जमतंय हे मला त्या बुधवारी कळलं. एकशे चाळीस गुणांत आम्ही चांगले टायर घातले, चांगले ब्रेक घातले, मागची सीट काढून गाडी हलकी केली. पहिल्याच फेरीत तीन मिनिटं अकरा. दूधवाल्याच्या गाडीत.

मग आम्ही डोकं चालवायला लागलो आणि सगळं बिघडलं.

गाडी जुळवायचं एक पान असतं. त्यावर सात पट्ट्या, एकाखाली एक. गिअर, टायरची हवा, पुढचे स्प्रिंग, मागचे स्प्रिंग वगैरे. पट्टीवरचा ठिपका डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकवायचा. आम्ही सातही सरकवल्या. तीन मिनिटं आठ. परत सातही सरकवल्या. तीन मिनिटं एकोणीस. कशाने सुधारलं, कशाने बिघडलं, काही पत्ता नाही. जाहिदा म्हणाली टायरची हवा, मी म्हणाले स्प्रिंग, आणि आमचं भांडण जाहिदाच्या अम्मीला, म्हणजे माझ्या चाचींना, स्वयंपाकघरात ऐकू गेलं.

"जाऊ दे ना गे तो डबा पुण्याला," चाची आतून म्हणाल्या. "नक्को ते रोजचं डोकं खाणं." मग दोन मिनिटांनी त्याच म्हणाल्या, "पण त्या डब्यापायी बॅगेत माझ्या भाकरीला जागा नाही, ते कोण बघणार?"

गुरुवारी माझे अप्पा, म्हणजे चाचींचे शिवयोगीभाई, मला जेवायला बोलवायला आले. आमचं दार जाहिदाच्या दाराला लागून आहे, पण अप्पा हाक मारत नाहीत, स्वतः येतात, कारण आतून दिलेलं उत्तर त्यांना ऐकू येत नाही. अप्पा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहेत. माग बिघडला की तो जुळवायचा, हे जॉबरचं काम. तीस वर्षं त्या खडखडाटात काढली, त्यामुळे कान अर्धे गेलेत आणि आवाज दुप्पट झालाय.

"हे काय चाललंय?" अप्पा म्हणाले, म्हणजे ओरडलेच.

जाहिदाने त्यांच्या कानाजवळ जाऊन सगळं सांगितलं. अप्पांनी पट्ट्या बघितल्या. चष्मा वर केला, परत बघितल्या.

"हे नट हायती व्हय?"

"नटच समजा," मी म्हणाले.

"एका टायमाला किती फिरवता?"

"सातही."

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी चपला घालून देवघरात शिरले होते.

"आन मग कापड बिघडलं, तर कुठल्या नटानं बिघडवलं ते कुनाला इचारायचं?"

 गेला तासभर आम्ही तेच एकमेकींना विचारत होतो.

"आदी खूण करायची," अप्पा म्हणाले. "नट आत्ता कुटं हाय, तितं खूण. मग अर्धा आटा फिरवायचा. अर्धाच. मग अख्खी चादर इनून बघायची. बरी आली तर नवी खूण, न्हाय आली तर नट परत जुन्या खुणेवर. मग दुसरा नट." आणि शर्टाच्या खिशातून निळ्या खडूचा तुकडा काढून त्यांनी थेट टीव्हीच्या काचेवर, सात पट्ट्यांच्या सात ठिपक्यांवर, सात उभ्या रेघा मारल्या.

जाहिदाने तोंडावर हात ठेवला. आत स्वयंपाकघरात चाचींना अजून काही कळलं नव्हतं.

"अप्पा, टीव्हीवर?"

"मग कुटं मारू? ठिपके तितंच हायती की."

त्यांनी कंट्रोलर हातात घेतला, उलटापालटा केला. "ह्यात जीव न्हाय?"

मला कळेना. जाहिदाला कळलं. कंट्रोलर गाडीबरोबर थरथरतो, पण सेल लवकर उतरतो म्हणून आरिफने ते बंद करून ठेवलं होतं. तिने ते चालू केलं. अप्पांनी मला पुढे बसवलं, मागून माझ्या हातांखाली स्वतःचे हात धरले आणि डोळे मिटले.

"चालीव."

"मी? जाहिदा चालवते, अप्पा."

"तुजे हात माज्या हातात हायती. चालीव."

मी चालवली. माझे हात ओले होते, पण त्यांचे कोरडे होते, खरखरीत, आणि कंट्रोलर खाली पडायची काही सोय नव्हती. दोनदा धडकले, कशीबशी खाली पोचले. तीन मिनिटं सोळा. अप्पांनी टीव्हीकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"तीन जागी दोनदा ठोका पडतोय," ते म्हणाले. "वळनाच्या मदीच. एक ठोका पायजे. कारखान्यात मी मागावर हात ठेवून हेच बघतो. एका फेरीला दोन ठोके आले की समजायचं, कायतरी येळेवर होत न्हाय."

आम्ही ती तीन वळणं परत परत बघितली. चौथं, अकरावं, सतरावं. तिथंच गाडीचं मागचं चाक सुटत होतं आणि आम्ही टायरला शिव्या देत होतो. टायर बिचारे निर्दोष होते. वळणाच्या बरोबर मध्यावर दुसरा गिअर संपायचा, तिसरा टाकावा लागायचा आणि त्या झटक्याने गाडी घसरायची. दुसरा गिअर जरा लांब केला, की वळण संपेपर्यंत पुरला असता.

मी गिअरची पट्टी उजवीकडे सरकवली. अर्धा आटा. बाकी सहाला हात लावला नाही. जाहिदाने चालवली. तीन मिनिटं सहा.

"जेवायला चल," अप्पा म्हणाले. "भाकरी गार झाली."

शुक्रवारी आणि शनिवारी शाळेतून आल्यावर आम्ही अगदी शहाण्या मुलींसारख्या वागलो. एक पट्टी, अर्धा आटा, एक अख्खी फेरी. बरी आली तर जुनी रेघ पुसून नवी रेघ. अप्पांनी खडू मलाच देऊन टाकला होता. शनिवारी चार वाजता जाहिदाने तीन मिनिटं पाच पूर्णांक दोन काढले. दोन दशांश फक्त जास्त. ती पुढच्या फेरीला बसली आणि अकराव्या वळणावर वीज गेली.

वीस मिनिटांनी आली. डबा चालू केला, तर सगळे ठिपके मूळ जागी. गुरुवारपासून आम्ही डबा बंदच केला नव्हता आणि ती जुळणी कुठं जपून ठेवलीच नव्हती, कारण जपायच्या जागा सगळ्या आरिफच्या लाल गाड्यांनी भरलेल्या, आणि त्याने त्यांना हात लावू दिला नसता.

"गेलं सगळं," जाहिदा म्हणाली आणि गादीवर आडवी झाली.

मी टीव्हीकडे बघत होते. खिडकीतून तिरकं ऊन काचेवर आलं होतं. त्या उन्हात सात निळ्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. वीज गेली काय, आली काय, रेघांना त्याचं काही नव्हतं.

आणि नेमक्या त्याच वेळी चाची ओलं फडकं घेऊन आल्या. उद्या आरिफला निरोप द्यायला पाहुणे येणार, टीव्हीवर किती ही घाण.

मी टीव्हीसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले. "चाची, टीव्हीला हात लावू नका."

"अगे, लोकं काय म्हणतील?"

"उद्या अकरापर्यंतच राहू द्या. मग मी स्वतः पुसते. दारंखिडक्याही पुसते."

"ते निळं काय आहे?"

"ते आहे म्हणूनच डबा बॅगेबाहेर राहणार आहे," जाहिदा गादीवरून उठत म्हणाली. तिलाही आता रेघा दिसल्या होत्या.

चाचींनी टीव्हीकडे बघितलं, कोपऱ्यातल्या फुगलेल्या बॅगेकडे बघितलं. "मग माझी कडक भाकरी मावेल?"

"भाकरी, शेंगाचटणी, सगळं मावेल."

चाचींनी फडकं खांद्यावर टाकलं आणि पंखा पुसायला घेतला.

त्या संध्याकाळी वीज परत गेली ती रात्री उशिराच आली, आणि रविवारी सकाळी साडेनऊला बाहेरची खोली भरली होती. राहत फुफू, म्हणजे आरिफची आत्या, टीव्हीच्या बरोबर समोरच्या खुर्चीत. आरिफ घड्याळ बघत होता.

"तीन फेऱ्या," तो म्हणाला. "मग वायरी काढणार. मला भरायचंय."

"आणि आवाज बंद करा," फुफू म्हणाल्या. "माणसं बोलायलीत इथं."

आवाज बंद. जाहिदाचा चेहराच उतरला. ती इंजिनाच्या आवाजावर गिअर टाकते. मी ठिपके रेघांवर आणून बसवले, एकेक, आणि ती निघाली. नवव्या वळणावर धडकली. दुसऱ्या फेरीत सगळं नीट उतरली, पण गिअर दोनदा उशिरा पडला. तीन मिनिटं सात.

तिने कंट्रोलर माझ्यासमोर धरला.

"मी नाही," मी म्हणाले.

"तू. मला ऐकू आल्याशिवाय जमत नाही. तुझ्या घरात कुणाला ऐकायची गरजच पडत नाही."

फुफूंना हसू आलं. मलाही आलं, आणि हसताहसता मी कंट्रोलर घेतला. हात ओलेच होते. फ्रॉकला पुसले. मग खालून अप्पांचे हात आहेत असं धरून चालले. अप्पा तेव्हा कारखान्यात पहिल्या पाळीला होते.

"पुढं डावं," जाहिदा सांगायला लागली. माझं काम तिने घेतलं होतं. "मग उजवं. आता चौथं."

चौथ्याला हातात एकच ठोका. गाडी वळणाला चिकटून गेली, जशी भिंतीला पाल. खोलीत कुणीतरी कुणाच्या तरी लग्नाचं बोलत होतं, ते हळूहळू थांबलं. अकराव्याला एकच ठोका. मला इंजिन ऐकू येत नव्हतं, पण ते माझ्या बोटांत होतं, तळव्यात होतं, कधी बारीक थरथर, कधी जाड, आणि जाड व्हायच्या जरा आधी गिअर टाकायचा हे मला कुणी सांगायची गरज उरली नव्हती. सतराव्यावर मागचं चाक किंचित सुटलं. मी घाबरायच्या आत हातांनी सांभाळलं होतं.

"आता सरळ," जाहिदा म्हणाली. "सरळ, सरळ, सरळ."

तीन मिनिटं चार पूर्णांक आठ.

पडद्यावर सोन्याचा कप फिरायला लागला, नेमका निळ्या रेघांच्या मागे. जाहिदाने मला इतकं घट्ट धरलं की तिची बांगडी माझ्या दंडावर उमटली. फुफूंनी विचारलं, "झालं का? मग आवाज लावा की आता." आरिफ पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने खाली वाकून पांढऱ्या गाडीकडे बघितलं.

"या डबडीत?"

"या डबडीत," मी म्हणाले.

त्याने वायरींना हात लावला नाही. बॅगेची चेन उघडली, डब्यासाठी ठेवलेली जागा मोकळीच होती आणि चाची आतून कडक भाकरीची चवड घेऊन आल्याच. पाठोपाठ शेंगाचटणीच्या दोन पिशव्या. तरीही थोडी जागा उरली, तर त्यात त्यांनी एक टॉवेल कोंबला.

रिक्षात बसताना आरिफ मला हळूच म्हणाला, "दुसरा गिअर किती ठेवलास?"

"सुट्टीत ये आणि काचेवर बघ," मी म्हणाले.

म्हणजे टीव्ही पुसायचं राहिलंच. दारंखिडक्या मी पुसल्या, शब्द होता म्हणून. टीव्हीचं चाची रोज विचारतात.

त्या रविवारी संध्याकाळी अप्पांना सांगितलं. त्यांनी तीन वेळा सांगायला लावलं, दोन वेळा ऐकू आलं नाही म्हणून आणि तिसऱ्यांदा उगाच. मग चहा पिऊन जाहिदाकडे आले, कंट्रोलर मागून घेतला आणि पांढरी गाडी घेऊन स्वतः निघाले. त्यांनी एकवीसच्या एकवीस वळणांवर भिंतीला धडक दिली. दर धडकेला हातात दणका बसला की ते खूश व्हायचे.

"ह्यो बघ," ते ओरडत होते, "ह्यो पन आला बघ."

नऊ मिनिटं चाळीस सेकंद लागले. पलीकडच्या घरातून कुणीतरी विचारलं, काय झालं हो. चाची म्हणाल्या, काही नाही, शिवयोगीभाई डोंगर उतरायलेत.