पुढचं दार

पोलिओमुळे माझा डावा पाय दीड इंच आखूड आहे. बघायला येणारे लोक मुलीला चालून दाखवायला सांगतात, म्हणून सोळाव्या वर्षापासून आई दिल्लीतल्या आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझ्याकडून सराव करून घ्यायची. साडी पायघोळ, डावी टाच अधांतरी, दहा पावलं सरळ. दहाच. अकराव्या पावलाला कंबरेतून कळ निघते.

सत्त्याण्णव साली मला नोएडात नोकरी लागली. जाताना दोन बस, येताना दोन. मागच्या दाराशी झुंबड असते आणि बस धड थांबतही नाही. पुढच्या दाराने चढायचं तर अपंगाचं कार्ड लागतं, कार्डासाठी चाळीस टक्के अपंगत्व लागतं. कार्ड नाही तर नोकरी नाही, इतकं ते सरळ होतं.

इस्पितळात तीन डॉक्टर टेबलामागे बसले होते. "ज़रा चलके दिखाओ," एक म्हणाला. आणि मी मूर्ख, अंगवळणी पडल्याप्रमाणे दहा पावलं सरळ चालले. दारात उभी असलेली आई चक्क खूश झाली. डॉक्टरने लिहिलं, पस्तीस टक्के.

"सर, बस की सीढ़ी कितनी ऊँची होती है, वो तो देखिए," मी म्हटलं.

"हम टाँग देखते हैं मैडम, बस नहीं."

माझं डोकंच फिरलं. त्यांचा राग आला, आईचा आला, माझा स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला. पायरी माझ्या गुडघ्याएवढी, ती यांच्या कुठल्या टक्क्यात बसते?

बाहेर स्टॉपवर बस आली तशी मी पुढच्या दाराचा दांडा धरला.

"कार्ड?" कंडक्टरने विचारलं. "भली-चंगी तो हो. पीछे से आओ."

"चल गं वैजू मागे," आई पुटपुटली. "लोक बघतायत."

मी पायरीवरच बसकण मारली. "पीछे से चढ़ नहीं सकती. यहाँ से हटूँगी भी नहीं."

आतून शिव्या सुरू झाल्या. "नाटक करती है," म्हणत कंडक्टरने माझा दंड धरून ओढलं. तेव्हा आई पुढे झाली. खाली वाकून तिने माझी साडी गुडघ्यापर्यंत वर केली, भर रस्त्यात.

"देखो," ती म्हणाली. "लँगड़ी है मेरी लड़की. आगे से ही चढ़ेगी."

कंडक्टर बाजूला झाला. मी चढले, आईला हात देऊन वर घेतलं. बसायला जागाही मिळाली. पण बसमध्ये चढण्यासाठी आईला माझा पाय उघडा करावा लागला, तो राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.