इंग्रजी उखाणा

नागपूरच्या धंतोलीत दगड भिरकावला तर तो कुठल्यातरी डॉक्टरच्या पाटीवरच पडावा, अशी वस्ती. तिथल्या एका चार मजली हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांना, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, अचानक परदेशी पेशंटचं वेड लागलं. तळमजल्यावर काचेचं दालन उभं राहिलं, त्यावर 'इंटरनॅशनल पेशंट लाउंज' अशी पाटी चढली आणि आत दोन गुबगुबीत सोफे येऊन बसले. त्या सोफ्यांवर परदेशातून म्हणावं असं आजवर कोणी आलंच असेल, तर ते शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून. तरी मोठ्या सरांचा हुकूम सुटला: वॉर्डातल्या सगळ्या मावश्यांना पेशंटच्या तक्रारी इंग्रजीत सांगता आल्या पाहिजेत. जिला येणार नाहीत, तिची रवानगी तळघरात, चादरी धुवायला.

हे काम आलं कामिनीकडे. कामिनी बी.एड. झालेली, हुशार, आणि शिकवण्याच्या पद्धतींवर लांबलचक उत्तरं लिहून पहिली आलेली. पहिल्याच दिवशी तिनं कँटीनच्या भिंतीला फळा टेकवला आणि त्यावर शब्द लिहिले. शब्द, समोर अर्थ, सगळ्यांनी तीनदा म्हणायचं. मावश्यांनी इतक्या मोठ्यानं म्हटले की वरच्या मजल्यावरचे पेशंट जागे झाले. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "सूज म्हणजे?" तेव्हा सगळ्या छताच्या पंख्याकडे पाहू लागल्या.

"काल तर होता वं मॅडम," रोशनीमावशी म्हणाली, "आज कुठं गेला कोण जाणे!"

असं रोज चालायचं. शब्द संध्याकाळपर्यंत टिकायचे आणि सकाळी पसार व्हायचे. पालथ्या घड्यावर पाणी, असं कामिनीनं घरी आईला चिडून सांगितलंही. घडा पालथा नसून आपणच पाणी भलतीकडे ओततोय, हे काही तिला तेव्हा सुचलं नाही. पहिली आलेल्यांचं तसंच होतं.

सगळ्यांत वाईट अवस्था प्रयागमावशींची. हॉस्पिटल उघडलं त्या दिवसापासून त्या वॉर्डात होत्या. कोणाची सून बरी, कोणाचा जावई मेला कंजूस, कोणाला भाजीत लसूण चालत नाही, हे सगळं त्यांना पेशंट भरती झाल्यावर तासाभरात कळे. फळ्यावरचा शब्द मात्र त्यांच्याजवळ पाच मिनिटं थांबत नसे.

"मले तळघरात टाकलं तर मी मरून जाईन, मॅडम," त्या कामिनीला म्हणाल्या. "तिथं बोलाले कोण आहे? चादरीसंग बोलू का?"

हे त्या हसत म्हणाल्या, पण डोळे भरले होते. परीक्षेतल्या नापासांची नावं मोठ्या सरांना कामिनीलाच कळवायची होती.

मग संक्रांत आली. मावश्यांनी कँटीनमध्येच हळदीकुंकू मांडलं आणि तीळगुळासोबत उखाण्यांचा आग्रह सुरू झाला. रोशनीमावशीची पाळी आली. ती बाई मुळातच आगाऊ. समोर कोणाचा तरी चहा सांडला होता, त्याकडे बोट करून ती म्हणाली:

"फरशीवर सांडलं पाणी, त्याले म्हणते स्पिल,
रुपरावांचं नाव घेते, गरिबाचं कमी करा बिल!"

कोपऱ्यात चहा पिणाऱ्या कॅशियरला ठसका लागला. बाकीच्या हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

दुसऱ्या दिवशी कामिनीनं वर्गात सहज विचारलं, "सांडलेलं पाणी म्हणजे?"

"स्पिल!" सगळा वर्ग ओरडला. मागून एकीनं "रुपराव!" अशीही भर घातली.

कामिनी खडू हातात धरून उभीच राहिली. इतके दिवस ती शब्द फळ्यावर टांगून ठेवत होती, आणि या बायांनी एक शब्द थेट घरात नेऊन नवऱ्याशेजारी बसवला होता. घरातल्या माणसाला कोण विसरतं? तिनं फळा पुसून भिंतीकडे तोंड करून ठेवला.

त्या दिवसापासून कँटीनचं लग्नघर झालं. रोजच्या शब्दांचे उखाणे करायचे, एकमेकींचे ऐकायचे, वॉर्डात कामाच्या वेळी वापरायचे. वॉर्डातल्याच सिंधूताईंनी केला:

"स्वेलिंग म्हणजे सूज, बर्निंग म्हणजे आग,
गोपाळरावांच्या नाकावर चोवीस तास राग."

शब्द धडाधड पाठ होऊ लागले. थोडी पंचाईत झाली, नाही असं नाही. केरळहून आलेल्या नव्या सिस्टरनं सिंधूताईंना पेशंटचं विचारलं, तर सूज सांगायला त्यांना अख्खा उखाणा म्हणावा लागला, आणि सिस्टर बिचारी "गोपाळराव कुठल्या बेडवर?" म्हणून सगळा वॉर्ड धुंडाळत बसली. पण आठवडाभरात एक गंमत कामिनीच्या ध्यानात आली. कामाची घाई असली की नवरा गळून जायचा आणि शब्द तेवढा उरायचा.

फक्त प्रयागमावशी उखाणा घेईनात.

त्यांच्यासाठी रोशनीनं आयता करून दिला होता, आणि फर्मास होता:

"दुखलं तर पेन, बधिर झालं तर नंब,
लिफ्टमंदी उभे चंपतराव, जसा इजेचा खांब."

चंपतराव म्हणजे मावशींचे यजमान. ते याच हॉस्पिटलात लिफ्टमन होते. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. विजेचा खांब त्यांना चपखल बसत होता. वर्ग खो खो हसला, पण मावशी ओठ मिटून बसल्या.

"नावाशिवाय म्हणा," कामिनीनं सुचवलं. मावशींनी प्रयत्न केला, पण गाडी अडली. खांब आठवला की नंब आठवायचा, आणि खांबाच्या आधी नवरा उभा होता. मग कामिनीनं चंपतरावांच्या जागी दुसरं नाव घालून पाहिलं. मावशींनी भोळेपणानं 'रुपराव' म्हटलं, तशी रोशनी उठून उभी राहिली.

"माह्या नवऱ्याचं नाव तू काहून घेऊन राहिली वं?"

ते भांडण मिटवायला अख्खा तास गेला. शेवटी सगळ्या पांगल्यावर मावशींनी कामिनीला खरं काय ते सांगितलं.

पुतण्याच्या लग्नात त्यांनी मोठ्या हौसेनं लांब उखाणा पाठ केला होता. भर मांडवात मधल्याच ओळीला त्या अडखळल्या. चंपतरावांनी मागून ओळ सांगितली, आणि वर हसून सगळ्या वऱ्हाडाला ऐकवलं, "जाऊ द्या, हिच्या डोक्यात काही राहतच नाही!" मांडव हसला. मावशींनी त्याच रात्री सांगून टाकलं की यापुढे तुमचं नाव घेणार नाही, आणि बोलणारही नाही.

"तेव्हापासून?" कामिनीनं विचारलं.

"तेव्हापासून."

नवराबायको रोज प्रताप नगरहून एकाच स्कूटीवर येत, तोंडातून शब्द न काढता. हॉस्पिटलात पोचलं की ते लिफ्टमध्ये आणि या जिन्यानं, मग वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर का असेना. संक्रांतीला मावशींनी त्यांच्या डब्यात तीळगूळ ठेवला होता, पण 'गोड बोला' कसं म्हणायचं, ही अडचण होतीच.

"आता नापास झाली तर त्याहिचंच खरं होईन ना, मॅडम," मावशी म्हणाल्या. "तळघरात तर जाईनच. पण त्याहिचं खरं होईन."

कामिनीला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये दुसरं कोणी नसताना तिनं चंपतरावांना गाठलं. तिनं तोंड उघडण्याआधी तेच म्हणाले, "तिले येऊन राहिलं का वं पोरी?"

"अजून नाही. तुमच्यामुळेच."

चंपतरावांनी उगाच बटणांवरची धूळ पुसली. "गंमत केली होती मी. माणूस गंमत करते. आता मी बोललो तरी ती ऐकत नाही, आणि नाही बोललो तरी माहीच चूक." चौथा मजला आला. "मी काय करू, सांग."

"त्यांना ओळ सांगू नका," कामिनी इतकंच म्हणाली. "कधीच नाही."

परीक्षेला पुण्याहून एक बाई आल्या. खोलीत बसून प्रश्न विचारणं त्यांना पसंत नव्हतं. "काम जिथे, परीक्षा तिथे," असं म्हणून त्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोर उभ्या राहिल्या. बरोबर हॉस्पिटलचा मॅनेजर सौरव, घड्याळात पाहणारा. रोशनी पास झाली. सिंधूताई पास झाल्या, गोपाळरावांचा उल्लेखही न करता. मग प्रयागमावशी आल्या, जिना चढून, धापा टाकत.

तेवढ्यात लिफ्ट उघडली. आत चंपतराव, आणि व्हीलचेअरवर एक आजोबा.

"हे बघा, बरं झालं," परीक्षक बाई म्हणाल्या. "आजोबा, काय होतंय तुम्हाला?"

"पाय दुखते, बोटं बधिर झाली," आजोबा म्हणाले. "उठलो का भोवळ येते. काल पडलो पण."

"मावशी, हे सिस्टरना इंग्रजीत सांगा."

केरळची सिस्टर कान टवकारून उभी. मावशींनी तोंड उघडलं. "पेन," त्या म्हणाल्या. "आणि... आणि..."

पुढे काहीच येईना. सौरवनं घड्याळ पाहिलं. चंपतराव एक हात लिफ्टच्या दाराला लावून उभे होते, आणि दार अडवल्यामुळे लिफ्ट टीं टीं ओरडत होती. त्यांना शब्द माहीत होता. मावश्यांना रोज वर-खाली नेताना सगळे उखाणे त्यांच्या कानांवरून गेले होते. त्यांच्या मिशा हलल्या, ओठ उघडले. आणि चंपतरावांनी मोकळा हात उचलून स्वतःच्या तोंडावर गच्च दाबून धरला.

प्रयागमावशींनी ते पाहिलं. मग पदर कमरेला खोचला, आणि मांडवात उभं असल्यासारखं खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"दुखलं तर पेन, बधिर झालं तर नंब,
लिफ्टमंदी उभे चंपतराव, जसा इजेचा खांब!
भोवळ आली तर डिझी, पडला तर फॉल,
चारचौघांत टोचले मले चंपतरावांचे बोल!"

खालच्या दोन ओळी कोणी शिकवल्या नव्हत्या. जिना चढता-उतरता त्या मावशींनी स्वतः जुळवल्या होत्या, आणि एका उखाण्यात नाव दोनदा घेऊन सगळी बाकी फेडली होती. वॉर्डाच्या दारात गोळा झालेल्या मावश्यांनी टाळ्या पिटल्या. सिस्टरनं "पेन, नंब, डिझी, फॉल," असं म्हणत मान डोलावली आणि व्हीलचेअर ताब्यात घेतली.

"शब्द सगळे बरोबर आहेत," परीक्षक बाई कामिनीला म्हणाल्या. "पण प्रत्येक वेळी हे इतकं म्हणावं लागेल का?"

"नाही मॅडम. नवरा हळूहळू गळतो," कामिनी म्हणाली.

परीक्षक बाईंनी क्षणभर विचार केला, बहुधा स्वतःच्या घरचा, आणि पास लिहून टाकलं.

प्रयागमावशी जिन्याकडे वळल्या. दोन पावलं गेल्या, थांबल्या, आणि परत येऊन लिफ्टमध्ये शिरल्या. कामिनीही मागोमाग शिरली. शिष्टाचार म्हणून तिनं थांबायला हवं होतं, पण शिष्टाचारापायी इतकं मोठं नाट्य कोण सोडतं?

दार बंद झालं. चंपतरावांनी घसा साफ केला. नवरेही उखाणा घेतात, आणि त्यांनी तो मनात तयार करून ठेवलेला दिसत होता.

"लिफ्टले असते बटण, बटणाले असते लाइट..." ते म्हणाले. "प्रयागचं नाव घेतो... प्रयागचं नाव घेतो..."

पुढची ओळ गेली. त्यांनी छताकडे पाहिलं, बटणांकडे पाहिलं. दुसरा मजला गेला, पहिला गेला. मावशी ओठ आवळून हसू दाबत उभ्या होत्या.

तळमजला आला. दार उघडलं. बाहेर लिफ्टची वाट पाहत पेशंटचे नातेवाईक, कँटीनचा पोऱ्या, वॉचमन, अशी चांगली गर्दी होती. प्रयागमावशी बाहेर पडल्या, वळल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"जाऊ द्या. याहिच्या डोक्यात काही राहतच नाही."

गर्दी हसली. सगळ्यांत मोठ्यानं चंपतराव हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.