छातीच्या उंचीवर

तोडणी संपल्याच्या चौथ्या दिवशी आबा धुरींच्या छातीवर २१७ हा आकडा उमटला. पांढऱ्या ऑइलपेंटचा, बोटभर जाड, आणि कल्याणीच्याच अक्षरात. सातच्या पोटातून आडवी रेघ मारायची सवय तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागली होती. गावात दुसरं कोणी तशी मारत नसे.

"माका नंबर इलो गो," आबा अंगणातूनच म्हणाले. "घेर मोजूचो इसारलंस काय माझो?"

कल्याणी हसली नाही. तिने नोंदवही उघडली. आंबेखोलच्या डोंगरावरची झाडं तिनेच मोजली होती. वनस्पतिशास्त्राची पदवी असलेली गावात ती एकटीच, म्हणून ठेकेदाराने काम तिला दिलं. पद्धत सोपी होती. जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटीमीटरवर टेप गुंडाळायचा. या उंचीला छातीची उंची म्हणतात, पण कल्याणीला ती हनुवटीशी यायची. तिथे तीस सेंटीमीटर घेर भरला की ते झाड, त्याला नंबर. जे तिथवर पोचत नाही किंवा तितकं भरत नाही, ते झुडूप. झुडपाला नंबर नसतो.

२१७ म्हणजे जांभूळ, घेर एकशे शहाऐंशी, झऱ्याच्या तोंडाशी. पुढे शेऱ्याच्या रकान्यात तिने 'निरंक' लिहिलं होतं. चारशे अकरा झाडांपुढे तिने तेच लिहिलं होतं.

झरा तोडणीच्या दुसऱ्याच दिवशी आटला होता. आबा सहज बघायला म्हणून गेले, बुंध्याच्या थोटकाशी उभे राहिले आणि त्यांच्या टाचांखालून पाणी आलं. ते बाजूला झाले, पाणी गेलं. तीनदा असं करून पाहिल्यावर ते तिथेच थांबले. बायका त्यांच्या पायांशी वाकून कळशा भरू लागल्या आणि जाताना बजावू लागल्या, आबांनू, हालू नकात हां.

मग एकेक करत सगळ्या मोठ्या माणसांना नंबर आले. ज्याला ज्या झाडाचा नंबर, त्याला त्या झाडाचं काम. उतारावरच्या झाडांचे नंबर आलेली माणसं उतारावर जाऊन उभी राहिली. त्यातलं कोणी जेवायला घरी निघालं, की डोंगराची माती त्याच्यामागून चालू लागायची. त्यामुळे कल्याणी सगळ्यांना पेज वर नेऊन देत असे. दोन दिवसांनी त्यांचे पाय उचलले जाईनात. पेजही परत यायला लागली. भूक नाही, ते म्हणत, ऊन पुरतं.

तिच्या नवऱ्याला, दिगंबरला, ३४० आला. बेहडा, पोकळ खोडाचा. ती पेज घेऊन गेली तेव्हा एक धनेश त्याच्या खांद्यावर उतरला. दिगंबरच्या बरगड्यांमध्ये मातीने लिंपलेली एक बारीक चीर होती. धनेशाने चोचीतलं उंबर त्या चिरेत सरकवलं. आतून ते कोणीतरी घेतलं.

"आत कोणतरी आसा," दिगंबर म्हणाला.

"दुखता?"

"नाय. भुकेली आसा ती."

३४० पडलं तेव्हा मार्च होता. मार्चमध्ये धनेशाची मादी ढोलीत बसून स्वतःला आतून लिंपून घेते. कल्याणीला हे मोजणीच्या वेळीही ठाऊक होतं. ती पेजेचं भांडं तसंच घेऊन खाली आली.

त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला, चिमीला, नंबर आला नव्हता. गावातल्या कुठल्याच पोराला आला नव्हता. कल्याणी रोज तिला आंघोळ घालताना पुढून-मागून नीट बघायची. कुठेही पांढरं काही नसायचं. मग कल्याणी श्वास सोडायची.

सातव्या दिवशी सकाळी कल्याणीला ४११ आला. तो नोंदवहीतला शेवटचा नंबर. किंजळ, तिच्याच घराच्या मागच्या उतारावरचा. ती मागच्या दारी जाऊन उभी राहिली, आणि आठवडाभर घराच्या कौलांवर खुळखुळणारी माती थांबली.

तिथून तिला माणसं चढताना दिसली. पुढे तोडणीच्या वेळचाच मुकादम होता. त्याच्या हातातल्या कागदावर कल्याणीची सही होती.

"बाई, चारशे अकराचा आदेश आहे," तो डोंगराकडे बघत म्हणाला. "आणि ही तर सगळी उभी आहेत."

"ती तोडलीत तुम्ही. गेल्या आठवड्यात."

"उभी आहेत," तो म्हणाला. "आधी झुडपं साफ करून घेऊ. पायात येतात."

माणसांनी करवती खाली ठेवल्या आणि कोयते काढले. पहिल्या खेपेलाही असंच झालं होतं. तेव्हा त्याने तिला रोपांचं काय करायचं ते विचारलं होतं, आणि नोंद नाही, काढून टाका, असं तिनेच सांगितलं होतं.

कल्याणीने पाय उपटला. मग दुसरा. तिच्यामागे माती कौलांवर पडू लागली.

चिमी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. चिमीची उंची एकशे दहा, छाती जमिनीपासून ब्याऐंशीवर. पंचावन्न कमी पडत होते. स्टूल बरोबर तेवढं होतं. कल्याणीने भिंतीवर एक मीटर सदतीसवर पेन्सिलीने रेघ मारली, चिमीला स्टुलावर उभं केलं आणि रेघेच्या उंचीवर टेप गुंडाळला. चोपन्न. झाड. तिने उरलेल्या पेंटमध्ये ब्रश बुडवून फ्रॉकवर ४१२ लिहिलं. आदेश चारशे अकराचा होता. चारशे बारासाठी नवी मोजणी लागते, नवा अर्ज.

"गुदगुल्यो होतत," चिमी म्हणाली.

अंगणातून कोयत्यांचा आवाज येत होता, गवत कापल्यासारखा हलका. चिमीने उतरायला पाय उचलला. पायाबरोबर स्टूलही उचललं गेलं.

"आये, स्टूल चिकाटला."

कोवळी मुळं लवकर धरतात. कल्याणीने तिला हलू नको म्हणून सांगितलं.

मुकादम दारात आला. त्याने ४१२ वाचलं, कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला. "हिचा आदेश नाही," तो म्हणाला. मग त्याने टेप काढला. "मोजून तेवढं घेतो."

कल्याणीने खाली पाहिलं. स्टुलाचे चारही पाय शेणाच्या जमिनीत चार बोटं गेले होते. पाचवं बोट जाताना तिला दिसलं. तिने स्टुलाखाली दोन्ही हात घातले आणि उचललं. ते हललं नाही. तिचे स्वतःचे पायही आता हलत नव्हते. वर एक कौल फुटलं आणि चुलीवर माती पडली.

मुकादमाने टेपचं टोक जमिनीला टेकवलं आणि चिमीला सरळ उभं राहायला सांगितलं. ती राहिली. भिंतीवरची रेघ तिच्या गळ्याशी आली होती.

फ्रॉक कल्याणीने घरीच शिवला होता. गळ्याचं माप तिला पाठ होतं. सव्वीस. तिसाला चार कमी.